तिसऱ्या दिवसाचा घोट

पेणच्या खारपट्टीत ओळखीच्या एका काकांचं जिताड्याचं तळं आहे. एका बाजूला भाताची खाचरं, दुसऱ्या बाजूला खाडीचा बांध. आमच्या हॅचरीतली बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, मी स्वतः त्या तळ्यात सोडली होती. वर्षभराने काकांनी जाळं ओढलं, त्यातला एक मासा दोन्ही हातांनी उचलून माझ्यापुढे धरला आणि एवढंच म्हणाले, "बघ, हा तुझ्याकडचाच."

मासा जिवंत, धडधाकट होता. खवले चकचकीत, अंगावर कुठे जखम नाही. पण जुन्या बाजेची सुतळी सैल पडावी तशी त्याची पाठ मधोमध खचली होती आणि तोंड वर उचललेलं होतं. त्या ओढीत तसे आणखी बरेच निघाले.

रायगडात जिताडा अख्खा दाखवायचा मासा आहे. जावयासाठी, पाहुण्यांसाठी, अडलेलं काम करून देणाऱ्या साहेबांसाठी तो अख्खा जातो. पाठ मोडलेला जिताडा कोणी कोणाला भेट देत नाही, आणि व्यापारी तो बाजूला काढून पडेल भावाने मागतो. काका मला एका शब्दानेही बोलले नाहीत, म्हणून मला ते जास्त लागलं. त्या दिवसानंतर जे शिकलो ते इथे मांडतो आहे. हॅचरीत नव्याने आलेल्या मुलांच्या ते उपयोगी पडावं, आणि बीज विकत घेणाऱ्यांच्याही.

१. दोष दिसतो एका दिवशी, घडलेला असतो दुसऱ्याच

काकांना संशय त्यांच्या तळ्याचा होता. पाणी बिघडलं असेल, खायला टाकलेली चिलापी खराब असेल. खरं सांगायचं तर सुरुवातीला मलाही तसंच वाटलं, कारण तसं वाटणं माझ्या सोयीचं होतं.

पण जिताडा घडतो कसा ते बघा. अंडं एक मिलिमीटरहून लहान. २८ अंशांच्या आसपासच्या खाऱ्या पाण्यात ते सतरा-अठरा तासांत फुटतं. बाहेर येतं ते मत्स्यजिरं जेमतेम दीड मिलिमीटर लांबीचं. त्याला उघडं तोंड नसतं आणि हाड तर एकही नसतं. पाठीच्या कण्याच्या जागी असते ती पृष्ठरज्जू, म्हणजे एक लवचीक दोरी. आधी कुर्चा तयार होतात, मग त्यांच्या जागी किंवा त्यांच्याभोवती हाड धरतं. जबडा आणि कल्ल्यांचा सांगाडा आधी, कारण खाणं आणि श्वास घेणं आधी लागतं. मणके त्यानंतर, त्या दोरीभोवती एकेक करून. जेमतेम महिनाभरात हे सगळं उरकतं.

कुंभाराच्या चाकावर ओल्या मडक्याला बोट लागलं तर त्या वेळी कोणाला कळत नाही. मडकं भाजून आलं की वाक दिसतो आणि मग आपण भट्टीला दोष देतो. बोटुकलीचा वाक असाच आहे. तळ्यातल्या वर्षाने तो मोठा करून दाखवला एवढंच. मोठ्या माशाचाही कणा तळ्यात बिघडू शकतो, पण बोटुकलीतच वाक दिसत असेल तर चौकशी टाकीतल्या पहिल्या दिवसांपासून सुरू करायची.

२. त्या घोटावर पहारा ठेवा

मला सगळ्यात महाग पडलेला धडा हाच.

माशाच्या पोटात कण्याच्या खाली हवेचा एक फुगा असतो, पुस्तकात त्याला वाताशय म्हणतात. त्याच्या जोरावर मासा पाण्यात जागच्या जागी तरंगू शकतो. जिताड्याच्या पिल्लात हा फुगा आपोआप भरत नाही. अंडं फुटल्यावर साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसादरम्यान पिल्लू पाण्याच्या वरच्या थरापर्यंत येतं, पृष्ठभाग फोडतं आणि हवेचा घोट घेतं. घशापासून त्या पिशवीपर्यंत एक बारीक नळी असते, तिच्यातून हवा आत जाते. मग ती नळी बंद होते, कायमची. पुढे फुग्यातली हवा कमीजास्त करायचं काम रक्तातून होतं. पण पहिला घोट ज्याचा चुकला त्याला पुन्हा संधी नाही.

तीन दिवसांचं, डोळ्याला धड न दिसणारं ते पिल्लू. पाण्याचा ताण फोडायला त्याच्या अंगात जोर तो किती असणार? पृष्ठभागावर तेलाचा पापुद्रा असेल तर त्याचं तोंड हवेपर्यंत पोचतच नाही. त्याच्या दृष्टीने ते छप्पर झालं.

आणि तेल येतं कुठून? आम्हीच घालतो. पिल्लांचं पहिलं अन्न म्हणजे रोटिफर, सूक्ष्मदर्शकाशिवाय धड न दिसणारा जीव. रोटिफर नुसता दिला तर पिल्लांना लागणारी स्निग्ध आम्लं, मुख्यतः डीएचए, पुरेशी मिळत नाहीत. म्हणून रोटिफर आधी काही तास माशाच्या तेलाच्या दुधाळ मिश्रणात ठेवून पोसायचे आणि मग टाकीत सोडायचे. हे रोटिफर धुऊन न घेता ओतले की तेल त्यांच्याबरोबर टाकीत येतं. मेलेल्या पिल्लांच्या अंगातला तेलाचा थेंबही वर येऊन तरंगतो. जे तेल पिल्लाच्या हाडांसाठी आणि मेंदूसाठी पाहिजे, तेच डोक्यावर साय होऊन बसतं. या कामातली खरी कसरत ही.

काकांच्या बोटुकलीच्या वेळी आमच्याकडे माणसं कमी होती. रोटिफर धुवायची गाळणी फाटली होती आणि नवी येईपर्यंत आम्ही तसेच ओतत होतो. सकाळी उजेड तिरपा पडला की पाण्यावर इंद्रधनुष्यी झाक दिसायची. मी ती पाहिली होती, रोज. तिचा अर्थ मला माहीत नव्हता.

ज्याचा फुगा भरला नाही ते पिल्लू मरत नाही लगेच. ते पाण्यापेक्षा जड असतं, त्यामुळे बुडू नये म्हणून त्याला अहोरात्र पोहावं लागतं, डोकं वर आणि शेपूट खाली अशा तिरक्या अवस्थेत. कणा अजून कोवळा, आणि दोन्ही बाजूंचे स्नायू त्याला सतत ओढत असतात. काही आठवड्यांत कणा इंग्रजी व्ही अक्षरासारखा खाली वाकतो. याला लॉर्डोसिस म्हणतात. भूमध्य समुद्राकाठच्या हॅचऱ्यांनी सी-बास आणि सी-ब्रीम या माशांमध्ये हा दोष फार मोठ्या प्रमाणावर भोगला, आणि १९८०च्या दशकापासून फ्रान्समधल्या संशोधकांनी त्याचं मूळ या न भरलेल्या फुग्यापर्यंत नेऊन दाखवलं. त्यांनी सुचवलेला उपाय ऐकला तेव्हा मला रडू यायचं बाकी होतं, इतका तो साधा आहे. पाण्यावर एक तरंगती चौकट ठेवायची आणि हवेच्या बारीक झोताने पृष्ठभागावरचा तेलकट थर तिच्यात ढकलत राहायचा. दिवसातून काही वेळा ती चौकट पुसून स्वच्छ करायची. बस.

आमच्याकडे ती चौकट आता प्लास्टिकच्या पाइपची केलेली आहे. दुसऱ्या दिवसापासून ती टाकीवर असते, आणि तिच्यावर नेमलेला माणूस त्या दिवसांत दुसरं काम करत नाही. टाकीतली हवाही तेवढ्या काळापुरती मंद ठेवतो, कारण पाणी फार खवळलं तरी पिल्लाला वर येऊन घोट घेता येत नाही.

३. वाक कुठे आहे ते बोटाने चाचपा

नुसतं "कुबडं बीज" म्हणून भागत नाही. पोटाच्या वर, फुग्याच्या पातळीवर कणा खचला असेल तर संशय पहिल्या घोटाचा. वाक मागे शेपटीकडे असेल तर आधी पाण्याची धार बघा. क्रीट बेटावर सी-बासवर झालेल्या कामात हे नीट पुढे आलं: फुगा व्यवस्थित भरलेली पिल्लंसुद्धा जोरदार प्रवाहात सतत पोहत ठेवली तर त्यांचा कणा मागच्या भागात वाकतो. टाकी स्वच्छ राहावी म्हणून पाण्याची धार वाढवणारे आम्ही सगळे इथे सापडतो. विष्ठा आणि उरलेलं खाद्य मधोमध गोळा होतं, सायफनचं काम वाचतं आणि पिल्लं मात्र दिवसरात्र प्रवाहाशी झुंजत राहतात.

मागच्या बाजूचा वाक काही पिल्लांत वाढीबरोबर सरळ होतो, असंही पुढे सी-ब्रीममध्ये दिसलं आहे. त्यामुळे आता शेपटीकडचा हलका वाक असलेली पिल्लं मी लगेच फेकत नाही, वेगळ्या टाकीत मंद पाण्यात ठेवून बघतो.

४. तोंडाकडेही बघा

पाठीकडे सगळ्यांचं लक्ष जातं, जबड्याकडे कोणाचं जात नाही. खालचा जबडा आखूड, किंवा एका बाजूला ओढलेला, किंवा तोंड पूर्ण मिटतच नाही. कल्ल्याचं झाकण तोकडं, त्यातून लाल कल्ला उघडा पडलेला. ऑस्ट्रेलियात जिताड्यालाच बारामुंडी म्हणतात. तिथे क्वीन्सलँडमधल्या जेम्स कुक विद्यापीठात २००४-०५च्या सुमारास बारामुंडीच्या पिल्लांच्या जबड्याचे आणि कल्ल्याच्या झाकणाचे हे दोष बारकाईने नोंदवले गेले. टास्मानियात दुसऱ्या एका समुद्री माशाच्या पिल्लांवर काम करताना असं आढळलं की पिल्लं टाकीच्या भिंतीवर पुन्हा पुन्हा तोंड आपटत राहतात आणि त्याचा जबड्याच्या दोषांशी संबंध आहे. भिंतीचा रंग बदलला की आपटणंही कमी होतं.

हे वाचल्यावर मी आमच्या टाक्यांपाशी रात्री बॅटरी घेऊन बसलो. एका कोपऱ्यात बाहेरच्या दिव्याचा कवडसा पडायचा आणि पिल्लं त्याच्या ओढीने भिंतीला नाकं घासत होती. त्या दिव्यावर दुसऱ्या दिवशी डबा पालथा घातला.

५. पोट भरणं वेगळं, पोसणं वेगळं

माणसाप्रमाणेच बहुतेक मासे स्वतःच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार करू शकत नाहीत. ते खाण्यातून मिळालं नाही तर कोलॅजन नीट बनत नाही, आणि हाडाचा सांगाडा ज्या धाग्यांवर उभा असतो ते धागे कोलॅजनचेच. जहाजावरच्या खलाशांच्या हिरड्या ज्या कमतरतेने सडायच्या, त्याच कमतरतेने माशाचा कणा वाकतो. ट्राउट आणि सामन माशांमध्ये हे १९६०च्या दशकातच लक्षात आलं होतं. अमेरिकेत १९७३ मध्ये पिंजऱ्यात वाढवलेल्या कॅटफिशवर झालेलं काम मला विशेष महत्त्वाचं वाटतं. तळ्यातल्या माशांना शेवाळं, किडे असं थोडंफार नैसर्गिक अन्न मिळतं, म्हणून खाद्यातली उणीव झाकली जाते. पिंजऱ्यात ती उघडी पडते, टाकीत तर फारच लवकर.

आमच्या बाबतीत उणीव खाद्याच्या गोणीवरच्या छापात नव्हती. गोणीवर क जीवनसत्त्वाचा आकडा ठीक होता. पण गोण्या पत्र्याच्या शेडमध्ये, एप्रिल-मेच्या उन्हात, तोंड उघडं ठेवून पडलेल्या. साधं क जीवनसत्त्व उष्णतेने आणि हवेने नासतं. म्हणून आता त्याचं फॉस्फेट जोडलेलं टिकाऊ रूप असलेलं खाद्य घेतो, गोणी सावलीत ठेवतो आणि उघडलेली गोणी किती दिवसांची आहे ते खडूने तिच्यावर लिहितो.

आर्टेमिया या कोळंबीसारख्या बारीक जिवाचंही तसंच. अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकसारख्या खाऱ्या सरोवरांतून त्याची सुकी अंडी डब्यात बंद होऊन येतात, आपण ती फोडून पिल्लांना घालतो. आर्टेमियालाही तेलात पोसावं लागतं, पण त्याच्या अंगात डीएचए टिकत नाही, काही तासांत तो ते वापरून टाकतो. सकाळी पोसलेला आर्टेमिया संध्याकाळी घातला तर पिल्लाचं पोट भरलेलं दिसेल, केशरी, टम्म. आत काय गेलं हा प्रश्न वेगळा.

फॉस्फरसबद्दल एकच सांगतो, कारण शेतकरी चुन्यावर भर देतात. मासा कॅल्शियम कल्ल्यांवाटे पाण्यातूनही घेतो, फॉस्फरस मात्र जवळजवळ सगळा अन्नातून यावा लागतो. सोयाबीन, कोंडा यांतला बराचसा फॉस्फरस माशाच्या पोटाला सोडवता येत नाही. हाडं मऊ राहत असतील तर तळ्यात आणखी चुना मारून उपयोग नाही.

आणि जास्त म्हणजे चांगलं असंही नाही. अ जीवनसत्त्व प्रमाणाबाहेर गेलं की जबडा आणि मणके बिघडतात, हे जपानी फ्लाउंडर माशात सिद्ध झालेलं आहे. कोणीतरी आणून दिलेलं "टॉनिक" डोळे मिटून टाकीत ओतू नका.

६. एकदा तरी हाडं रंगवून बघा

आमच्या हॅचरीत एक वयस्कर तमिळ तंत्रज्ञ होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही. काकांच्या तळ्यावरून परत येऊन मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी माझी समजूत घातली नाही. महिन्याभराची काही पिल्लं फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेली होती, ती बाहेर काढायला लावली. मग अल्शियन ब्लू, मग पोटॅशचं पाणी, मग अलिझरिन रेड आणि शेवटी ग्लिसरीन. हे काम घाईचं नाही. एकेक द्रावणात तास, दिवस जातात. मांस हळूहळू काचेसारखं पारदर्शक होत जातं आणि आतला सांगाडा रंगात उभा राहतो: कुर्चा निळ्या, हाडं लाल.

ती बाटली मी खिडकीशी धरली तो क्षण मला अजून जसाच्या तसा आठवतो. बाहेरून जी पिल्लं मी चांगली म्हणून बाजूला काढली असती, त्यांतल्याही काहींचे दोन मणके एकमेकांत मिसळून एक झाले होते. कुठे मणका चेपलेला, कुठे त्याच्यावरचा काटा दुभंगलेला. अण्णा म्हणाले, डोळ्याला जे वाकडं दिसतं ते आत असलेल्यापैकी थोडंच असतं. त्या दिवसापासून बीज "बरं दिसतंय" हे वाक्य माझ्या तोंडून सहज निघत नाही.

कोकणात मत्स्यविज्ञान शिकणारी मुलं आमच्याकडे अनुभवासाठी येतात. त्यांना पहिल्या आठवड्यात मी हेच करायला लावतो.

७. वाकडं पोहतो म्हणून कणाच वाकडा, असं नाही

प्राणवायूच्या पिशवीतून लांबचा प्रवास करून आलेलं बीज तास-दोन तास गोंधळलेलं असतं. पिल्लं गोल गोल फिरत असतील, अंगाला पीळ देत असतील, रंग काळवंडला असेल आणि मर लागली असेल, तर तो मेंदूवर आणि डोळ्यांवर हल्ला करणारा विषाणू असू शकतो, जिताड्याच्या पिल्लांत तो चांगलाच ठाऊक आहे. तिथे सांगाड्याचा अभ्यास करत बसू नका, ती टाकी वेगळी करा, तिची जाळी, बादली दुसऱ्या टाकीला लावू नका आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवा.

८. खाडीच्या बीजाशी तुलना होणारच

काका एकदा म्हणाले, "आम्ही पावसाळ्यात खाडीतनं बारीक जिताडे धरून आणायचो, त्यात असा कधी बघितला नाही." बरोबर आहे त्यांचं. खाडीतही वाकडी पिल्लं जन्मत असतील, पण तिथे नीट न पोहणारं पिल्लू पहिल्या काही तासांत कोणाच्या तरी पोटात जातं. आम्ही हॅचरीत शत्रूही काढून टाकतो आणि अन्न तोंडाशी आणून देतो. त्यामुळे जे खाडीने निवडलं असतं ते आता आपल्याला निवडावं लागतं. भारतात जिताड्याचं बंदिस्त प्रजनन चेन्नईच्या सीबा या सरकारी मत्स्यसंशोधन संस्थेने १९९७ मध्ये साधलं. त्याआधी सगळी भिस्त खाडीवरच होती, आणि आता खाडीत पूर्वीइतकं बीज राहिलेलं नाही. म्हणून हॅचरीचं बीज चांगलं असण्याला पर्याय नाही.

यात जनक माशांचाही भाग आहे. जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो. एकाच लहानशा कळपातून वर्षानुवर्षं अंडी घेतली की जवळच्या नात्यातले मासे एकत्र येतात आणि दोष वाढायला वाव मिळतो. बाहेरचे नवे जनक मासे आणणं खर्चाचं असतं, मालकांना ते पटवायला मला दोन वर्षं लागली.

९. वही

कोणत्या रात्रीची अंडी, कोणती टाकी, पाण्याचं तापमान, रोटिफर धुतले का, चौकट कधी ठेवली, खाद्याची कोणती गोणी. फुगा किती पिल्लांत भरला ते पाचव्या-सहाव्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजून. काकांच्या बोटुकलीची पानं माझ्या वहीत कोरी होती. गाळणीचं मला आठवलं ते एका मदतनीस मुलाने लिहिलेल्या चिठ्ठीवरून. त्यात त्याने नव्या गाळणीची वाट बघतोय असंही लिहिलं होतं.

१०. बाजूला काढताना हात थांबू देऊ नका

तिसऱ्या आठवड्यापासून जिताड्याची पिल्लं आकारानुसार सारखी वेगळी करावी लागतात, नाहीतर मोठं लहानाला गिळतं, स्वतःच्या निम्म्याहून मोठ्या भावंडालासुद्धा. त्याच वेळी वाकडी पिल्लंही काढता येतात. युरोपात यासाठी भूल देऊन जास्त खाऱ्या पाण्यात सोडायची पद्धत आहे: फुगा भरलेली वर तरंगतात, न भरलेली तळाशी बसतात. चुकीच्या प्रमाणात हे केलं तर सगळीच जातात, तेव्हा जाणत्या माणसाच्या हाताखाली शिकल्याशिवाय करू नये. आम्ही पांढऱ्या ट्रेमध्ये थोडी थोडी घेऊन डोळ्याने काढतो. वेळ लागतो.

काढलेली पिल्लं बघून वाईट वाटतं. दीड मिलिमीटरपासून वाढवलेली असतात ती, रात्री जागून. पण तेव्हा मी हात थांबवला तर वर्षभर त्यांना खाऊ घालणारा दुसराच कोणीतरी असतो.

काकांना मी पुढच्या वर्षी भरपाई म्हणून बीज दिलं. मागच्या वेळी काय चुकलं तेही सगळं सांगितलं, गाळणीपासून. त्यांनी विचारलं, असा मासा खाल्ला तर चालतो का. चालतो, मांसात काही दोष नसतो, म्हटलं. "खाल्ला आम्ही," ते म्हणाले.

नव्या पिशव्या तळ्याच्या काठावर उतरवल्या तेव्हा मी त्यांच्या घरातली परात मागवली, एका पिशवीतलं ओंजळभर बीज तिच्यात ओतलं आणि खिशातलं भिंग त्यांच्या हातात दिलं. उन्हात पिल्लाच्या पोटात कण्याखाली चमकणारा ठिपका कुठे बघायचा ते दाखवलं. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, परातीवर वाकले आणि एकेक पिल्लू बघायला लागले. मजूर पिशव्या सोडायला खोळंबले होते. काकांनी त्यांना हातानेच थांबायची खूण केली.